दिवाळीला हिरवं, पाडव्याला काडी: गावातल्या छोट्या रानाची रोपं दरवर्षी का मरतात?

रोपं लावली की दिवाळीपर्यंत झक्कास. येळवशीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या वेळअमावास्येला, जरा मलूल दिसतात. होळी उलटली की शेंड्याकडून वाळायला लागतात आणि पाडव्याला हातात नुसती काडी. जूनमध्ये पुन्हा तोच खड्डा, नवं रोप आणि तसाच फोटो. तुमच्याकडे हे सलग दोन वर्षं झालं असेल तर पुढचं वाचा. आमच्याकडे तीन वर्षं झालं.

जागा कशी आहे ते आधी सांगतो, म्हणजे तुमच्या जागेशी ताडून बघता येईल. लातूर जिल्हा, औशाकडचं गाव. जुन्या आडामागं ग्रामपंचायतीची चार गुंठे पडीक जागा, म्हणजे साधारण चारशे चौरस मीटर. चढाचा अर्धा भाग मुरमाड, उताराचा अर्धा काळ्या मातीचा. एका अंगाला उकिरडे, दुसऱ्या अंगाला वेड्या बाभळी. २०१९ साली राज्यभर ३३ कोटी रोपं लावायची मोहीम होती, त्याच पावसाळ्यात आम्हीही ग्रामसभेत ठराव घेऊन कामाला लागलो. मियावाकी पद्धतीचं, म्हणजे स्थानिक झाडं दाट लावून रान उभं करण्याचं, ऐकलं होतं. चौरस मीटरला तीन रोपं या हिशोबानं बाराशे रोपं दाटीवाटीनं लावली. २०२० च्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त गेली. रिकाम्या खड्ड्यांत पुन्हा लावली, तीही गेली. गावाचा निकाल ठरलेला होता: "उन्हानं जळाली. इथं काय जगतंय?"

मीही तेच धरून चाललो होतो. पण त्याच उन्हात, त्याच गावात, मारुतीच्या पाराजवळचा कडुलिंब आणि स्मशानाकडची हिवरं कुणी तांब्याभर पाणी न घालता उभी होती. ऊन सगळ्यांना सारखंच होतं.

पहिलं काम: मेलेलं रोप उपटून मूळ बघा

हे आम्ही तीन वर्षं केलं नाही, याचं आता हसू येतं. माणूस गेला तर का गेला ते विचारतो, रोप गेलं की खड्डा मोकळा झाला म्हणतो.

मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते, ओढलं तर रोप बुडाशी तुटून वर येतं आणि मूळ आतच राहतं. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक मेलेल्या रोपाच्या बुडाशी अर्धी बादली पाणी सोडायचं आणि सकाळी पहारीनं वीतभर लांबून उकरत मुळासकट काढायचं. शाळेची सातवीची पोरं सोबत घेतली. साठेक रोपं काढली, बादलीत बुचकळून माती धुतली आणि आडाच्या कठड्यावर ओळीनं मांडली. वरून सगळी सारखी दिसत होती, वाळलेल्या काड्या. खाली मात्र एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. पोरांनीच त्यांचे ढीग केले.

सगळ्यात मोठा ढीग वेटोळ्यांचा होता. मूळ खाली जाण्याऐवजी पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून सुतळीच्या गुंडीसारखं झालेलं. दोन वर्षं जमिनीत राहूनही ते पिशवीच्या आकाराबाहेर पडलेलं नव्हतं. एका करंजाचं मूळ तर स्वतःच्याच गळ्याभोवती फास टाकल्यासारखं आवळलेलं. रोपवाटिकेत रोप वर्षभर जास्त राहिलं की हे होतं, आणि आपण नेमकं "मोठं रोप द्या, जगतं" म्हणून तेच मागून आणतो. चार फुटी रोप फोटोत उठून दिसतं, पण त्याच्या खाली मूळ असतं वीतभर पिशवीतलं. आता आम्ही दीड-दोन फुटांच्या वरचं रोप घेतच नाही. पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढायची, तळाचं वेटोळं दिसलं तर ते बोटभर कापून टाकायचं आणि बाजूची गोल मुळं उभ्या दोन चिरा देऊन मोकळी करायची. जीव कासावीस होतो, पण रोपाला त्याचं काही होत नाही. न कापलं तर मात्र होतं.

दुसरा ढीग काळ्या, कुजक्या वासाच्या मुळांचा. नखानं खरवडलं की साल निसटून आतली तार उरायची. ही सगळी रोपं उताराकडच्या काळ्या मातीतली. म्हणजे उन्हाळ्यात वाळलेली म्हणून आम्ही ज्यांच्या नावानं हळहळत होतो, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पाण्यात गुदमरून अर्धमेली झाली होती. मुळं कुजली तरी वरची पानं काही महिने तग धरतात, हिवाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फेब्रुवारीत उन्हाचा पहिला चटका बसला की उघडं पडतं.

तिसरा ढीग लहान होता: मुळांना वरवर काहीच झालेलं नाही, पण बारीक तंतू सगळे वरच्या चार-सहा इंचांतच, झाडूसारखे पसरलेले. हा दोष पाण्याचा, त्याकडे पुढं येतो. उरलेल्यांत काहींची मुळं कुरतडलेली, काहींच्या खोडावर मातीचा पापुद्रा आणि आत पोकळी.

एवढं झाल्यावर आम्हाला कळलं की आमच्याकडे एक रोग नव्हता, चार-पाच होते, आणि आम्ही सगळ्यांवर एकच औषध देत होतो: नवं रोप.

काळ्या मातीतली कुजलेली मुळं

आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडं लावताना मात्र आपण हे विसरतो आणि कुठूनतरी ऐकलेलं खोल आळं करतो. त्यात आणखी एक गोम आहे. खड्डा भरताना माती जमिनीबरोबर भरली की पहिल्या दोन पावसांत ती तीन-चार इंच खचते, आणि रोप आपोआप बशीच्या मध्यभागी जाऊन बसतं. भादव्यात त्या बशीत पाणी.

आधी तपासा. खड्डा खणला की तो पाण्यानं काठोकाठ भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन बघा. पाणी शिल्लक असेल तर तिथं खड्ड्यात लावायचंच नाही. आम्ही आता उताराच्या भागात हळदीला करतात तसे गादीवाफे केलेत, वीतभर उंच. रोप वाफ्यावर, पाणी दोन वाफ्यांमधल्या चरात. गेल्या भादव्यात चरांत घोटाभर पाणी होतं आणि वाफ्यावरचे बहावे, करंज खुशाल होते.

मुरमाड भागात वेगळाच प्रकार. तिथं आम्ही खड्डे खणून मुरूम फेकून दिला आणि मोठ्या कौतुकानं ट्रॅक्टरभर काळी माती आणून भरली. झालं काय, की मुरमात काळ्या मातीची एक कुंडी तयार झाली. मुळं चांगल्या मातीतच गोल फिरली, बाजूच्या मुरमात शिरलीच नाहीत. खड्ड्याच्या भिंती पहारीनं ओरबाडून खडबडीत करा, तळ हातभर आणखी पोकळ करा आणि भरताना निघालेला मुरूम निम्मा परत घाला. रोपाला त्याच जमिनीत आयुष्य काढायचंय, पहिल्याच दिवशी ओळख होऊ द्या.

रोज तांब्याभर पाणी

हा विषय जरा लांबणार आहे, कारण भांडणं इथंच होतात.

आमच्याकडे आठवड्याला एक पाच हजार लिटरचा टँकर यायचा. बाराशे रोपांत वाटला की प्रत्येकी चार लिटर. तेही एकदम न घालता पोरं हौसेनं रोज थोडं थोडं घालायची. तांब्याभर पाण्यानं माती वरवर काळी होते, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण एप्रिलमध्ये ते पाणी वरच्या दोन-तीन इंचांत मुरतं आणि दुपारपर्यंत उडून जातं. मूळ पाण्याच्या मागं जातं. पाणी वरच असेल तर मूळ वरच राहतं, आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त तापते तीही वरचीच माती. वर सांगितलेला झाडूसारखा ढीग असा तयार झाला.

सळईची परीक्षा करा. पाणी घातल्यावर तासाभरानं बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई रोपापासून वीतभर लांब जमिनीत दाबा. ओल्या मातीत ती लोण्यासारखी जाते आणि कोरड्याला लागली की अडते. जिथं अडली तिथं खूण करून बाहेर काढा. आमची सळई चार बोटांवर अडली होती. ती दीड फूट तरी गेली पाहिजे.

तेव्हापासून रोजचं पाणी बंद. उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर: पहिल्या वर्षाच्या रोपाला पंधराएक लिटर, तेही संध्याकाळी, दोन टप्प्यांत. दुसऱ्या वर्षी तीन आठवड्यांतून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात नाही. एवढं पाणी बाराशे रोपांना परवडत नाही, हे उघड आहे. म्हणून मेलेल्या जागी नवी लावायची आम्ही थांबवलं. आज साडेतीनशेच्या आसपास आहेत. पाच हजार लिटरचा टँकर एवढ्यांना चौदा लिटरप्रमाणे पुरतो.

दाटीबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची पद्धत खोटी नाही. पण जपानातला पाऊस आणि आपला पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही मध्ये तीन-तीन आठवडे दडी मारून. इथलं मूळ रान विरळ, काटेरी, पानझडीचं आहे, मधूनमधून गवत असलेलं. चौरस मीटरला तीन रोपं जगवायची तर पहिली दोन-तीन वर्षं पाणी हाताशी हवं. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात बायका घागरी घेऊन उभ्या असताना झाडांना टँकर लावून बघा, गाव काय म्हणतं ते. आणि गाव बरोबरच म्हणतं. मियावाकींची जी गोष्ट आपण उचलायला हवी होती ती दाटी नव्हे. ते स्थानिक झाडं कोणती ते ठरवण्यासाठी जपानातल्या जुन्या देवस्थानांभोवतीची राखलेली रानं बघत फिरले. आपल्याकडे तेवढं करायला चपला घालून गावाबाहेर गेलं तरी पुरतं.

भेगांचं राहिलं. फेब्रुवारीत भेगा पडायला लागल्या की बारीक मुळं अक्षरशः ताणून तुटतात, आणि भेगेतून खालची ओलही उडून जाते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे शेतात पाळतो ते इथंही पाळा: येळवस झाली की रोपाभोवती हलकी खुरपणी करून भेगा बुजवायच्या आणि वर आच्छादन. आमच्याकडे सोयाबीनचं काड फुकट मिळतं, उसाचं पाचटही. निदान वीतभर जाड, पण खोडाला चिकटवायचं नाही, चार बोटं मोकळी सोडायची. मार्चमध्ये आच्छादनाखाली हात घालून बघा आणि शेजारच्या उघड्या जमिनीला लावून बघा. सातवीच्या पोरांना हे एकदा करायला लावलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

उधई आणि हुमणी

आच्छादनात उधई, म्हणजे वाळवी, दिसली की लोक घाबरून सगळं काढून जाळतात. काढू नका. उधईला वाळलेलं काड पुढ्यात असलं की ती आधी ते खाते, आणि बहुतेक वेळा आधीच खंगलेल्या रोपाकडेच वळते. खोडावर चढलेला मातीचा पापुद्रा हातानं पुसून टाका, बुडाशी निंबोळी पेंड मिसळा, आच्छादन खोडापासून लांब ओढा आणि रोप का खंगलं ते शोधा.

हुमणीचं प्रकरण जास्त वाईट. भर पावसात, सगळं हिरवं असताना एखादं रोप पिवळं पडून सुकतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. मूळ गायब. माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, तपकिरी डोक्याची. ऊसवाल्यांना ही चांगली माहीत आहे. आम्ही ती स्वतःच्या हातानं आणली, अर्धकच्च्या शेणखतातून. आता खत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं असेल तरच आत येतं. वळवाचा पहिला दणका झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून लिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. त्या दोन-चार संध्याकाळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एक मादी मातीत गेली की पुढचा हिशोब तुम्हीच करा.

शेळ्या

तीनदा कुंपण केलं, तीनदा मोडलं. बाभळीच्या काट्या लावल्या, महिन्याभरात एका ठिकाणी वाट पडलेली. तारेचं केलं, तार कापलेली. आम्ही पाटी लावली, दंडाचा ठराव केला, दोघांशी बोलणं बंद झालं.

शेवटी शेळ्या वळणाऱ्या एका आबांशी बसलो. म्हटलं, "आबा, वाट नेमकी तिथंच का पडते?"

"गुरुजी, वाट आमी न्हाई पाडली. ती हायच. माझ्या बापापासनं शेळ्या हितनंच हौदावर जात्यात. तुमी वाटंवर रान लावलंय."

सात-बारा, ठराव, मोजणी सगळं बघितलं होतं. जनावरांची वाट कुठून जाते हे कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात कुंपण आठ फूट आत घेतलं आणि पाण्याकडची वाट मोकळी सोडली. तीसेक रोपं वाटेत गेली, जाऊ द्या. शिवाय ठरवलं की आतलं गवत दसऱ्यानंतर शेळीवाल्यांनी विळ्यानं कापून न्यायचं, फुकट. त्याचा दुसरा फायदा फाल्गुनात कळला: वाळकं गवतच उरलं नाही, त्यामुळं शेजारच्या उसाचं पाचट पेटलं तेव्हा आग कडेलाच थांबली. तरीही पश्चिमेच्या अंगाला सहा फुटांचा पट्टा खरवडून ठेवतो, उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो.

कडेला जिवंत कुंपण हवंच. शेळी तोंड लावत नाही अशी झुडपं निवडा: निरगुडी, तरवड, आणि काटेरी हवं तर सागरगोटी. सीताफळालाही शेळी तोंड लावत नाही. ते मूळचं आपलं नाही, अमेरिकेकडचं, पण बालाघाटच्या डोंगरात इतकं रुळलंय की त्याला परकं म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही वाटेच्या कडेनं दहा-बारा लावलीत, पोरांसाठी.

कोणतं झाड, आणि रोप की बी

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर युरिया टाकू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण झाडाला मिळत नाही, त्याचं हे लक्षण. आमच्या जांभळांना हे झालं. फवारण्या करत बसण्यापेक्षा त्या जागी चुनखडीला न जुमानणारी बोर, हिवर, लिंब लावलेली परवडतात. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. सुबाभूळ एकदा शिरली की तुमचं रान तिचंच होतं.

ज्यांना सोटमूळ खोल सोडायची घाई असते, त्यांना पिशवीत वाढवणं म्हणजे सुरुवातीलाच पाय बांधणं. पळस, बोर, बाभूळ, हिवर, लिंब यांचं बीच लावा. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गळतात, त्या लगेच वापरा. निंबोळीचा जीव थोड्या आठवड्यांचा, वर्षभर डब्यात ठेवलेली उगवत नाही. बाभळीच्या बीचं कवच टणक असतं, त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर भिजवावं लागतं. किंवा आबांना सांगावं. शेळ्या रात्री रवंथ करताना बाभळीच्या बिया वाड्यात टाकतात, त्याही लवकर उगवतात. गेल्या मृगात आबांनी स्वतःहून गाठोडंभर आणून दिल्या.

मृगाचा विषय निघाला म्हणून: ५ जूनला, पर्यावरण दिनाला, पाहुणे बोलावून रोपं लावायची सवय सोडा. पेरणीला जो नियम तोच इथं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय हात लावायचा नाही. वनमहोत्सव १९५० मध्ये सुरू झाला तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो. पाहुणे तेव्हाही येतात.

आणि तुमची मोकळी जागा जर मुळातच गवताळ माळ असेल, चंडोल उडत असतील, कुसळी उगवत असेल, तर तिथं झाडं लावूच नका. ते पडीक नाही, ते माळाचं रान आहे.

आमचा एक कोपरा अजून सुटलेला नाही. ईशान्येच्या अंगाला दोनेकशे चौरस फूट, तिथं आठ वेळा रोपं लावली, आठही वेळा गेली. मूळ, पाणी, उधई सगळं तपासलं. शेवटी सळई घालून बघितली तर फूटभर खाली ठणकन दगड, सलग. तिथं आता काही लावत नाही. बाकीच्या खड्ड्यांतले दगड आणून रचून ठेवलेत. त्यांच्या फटींत तरवड आपोआप उगवलीय, आणि सकाळी लवकर गेलं तर मुंगसाची जोडी दिसते.